न मोजलेल्या बादल्या

वैशालीचा फोन आला तेव्हा मी जालन्याच्या गोदामात वजनकाट्यासमोर उभा होतो. सकाळचे दहा वाजून गेले होते. बियाण्याची पोती ट्रकमधून उतरत होती आणि माझ्या हातात पेन होतं. वैशाली ही हिवराळे गुरुजींची मुलगी. लग्न होऊन भोकरदनला असते. त्या आठवड्यात वडिलांकडे, म्हणजे तिच्या दादांकडे, अंबडला आलेली होती. "काका, दादा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "किती वाजता?" दुसरं काही विचारायचं मला सुचलंच नाही. "सहा-सव्वासहा झाले असतील. चहा ठेव म्हणाले, अन् मी आत गेल्ते तेवढ्यात..." मी "येतो" म्हणालो. मग उरलेली पोती मोजून घेतली, पावतीवर सही केली, साहेबांना सांगितलं आणि अंबडची बस धरली. पोती दोनशे चाळीस होती. माणूस गेल्याचं कळल्यावर मोजणं थांबवायला हवं होतं, हे बस अर्ध्या वाटेवर आल्यावर माझ्या लक्षात आलं. लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असंच झालं.

आज त्याला सहा आठवडे झाले. गुरुजी काही नावाजलेले गृहस्थ नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले प्राथमिक शिक्षक, निवृत्त होऊन अंबडला राहिलेले, एवढीच त्यांची ओळख. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात, एकेचाळीस घरांच्या वसाहतीत, एक हिरवी जागा कशी उभी राहिली आणि कशी गेली हे मी जवळून पाहिलं आहे. ती उभी केली गुरुजींनी. ती जाण्यात माझ्या सहीचा वाटा आहे. हे मी त्यांच्याजवळ कधी धड कबूल केलं नाही, म्हणून आता चार लोकांसमोर लिहितो आहे.

आमची ओळख झाली ती बोलीवरून. मी नवीन राहायला आलो होतो, घरासमोर वाळू उतरवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याशी वाद घालत होतो. रस्त्याने जाणारे एक उंच, सडपातळ गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही भोकरदनकडचे का?" मी म्हटलं, "केदारखेड्याचा." "मंग बराबर. मी धावड्याचा. आपण गाववालेच की!" एकाच तालुक्यातली दोन गावं, एरवी एकमेकांना ओळखही न देणारी, पण अंबडला आल्यावर तेवढं नातं पुरलं. ते मला शेवटपर्यंत 'भाऊ'च म्हणाले, वयाने सोळा वर्षांनी मोठे असून.

वसाहतीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. प्लॉट पाडताना नियमाप्रमाणे सोडावी लागते ती. कागदावर तिला 'खुली जागा' म्हणतात, आमच्याकडे सगळे 'ओपन पेस' म्हणतात. लांबी माझ्या पावलांनी एकशे दहा, रुंदी बासष्ट. त्या वेळी तिथे वेड्या बाभळी होत्या, घरं बांधून उरलेला राडारोडा होता आणि डुकरं होती. रात्री-अपरात्री गटाराचं पाणी तिकडेच वळायचं. आम्ही सगळे त्या जागेकडे पाठ करून घरं बांधत होतो; कुणी तिकडे खिडकीसुद्धा ठेवली नव्हती. फक्त गुरुजींनी ठेवली होती. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते कुदळ घेऊन तिथे उतरले.

त्यांची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात टँकर. अशा गावात झाडाच्या बुडाशी बादली ओतली तर अर्धं पाणी ऊनच पितं. गुरुजींनी घरोघर जाऊन जुने माठ मागितले. दरसाल उन्हाळ्यात नवा माठ येतो आणि जुना गच्चीवर पडून राहतो. तो द्यायला कुणाची ना नव्हती. माठाच्या बुडाला बारीक भोक पाडायचं, त्यातून सुती कापडाची वात ओवायची, रोपाच्या शेजारी माठ गळ्यापर्यंत पुरायचा आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा. माठ भरला की तीन दिवस मुळांना ओल मिळते. त्यांनी एकेचाळीस खड्डे घेतले, एकेचाळीस माठ पुरले आणि प्रत्येक घराला एक झाड नेमून दिलं. कडुनिंब, करंज, चिंच, काही बहावा. आमच्या वाट्याला कडुनिंब आला. गुरुजींचा स्वतःचा करंज होता.

पाणी कुठून आणायचं, तर ज्याचं झाड त्याच्या घरचं. तांदूळ-भाजी धुतलेलं, कपड्यांचं शेवटचं. दर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गुरुजी सायकलला दोन बादल्या लावून फाटकांवरून फिरायचे. "साबणाचं पहिलं न्हाई चालणार ताई, दुसरं द्या," हे त्यांचं वाक्य आमच्या बायकांना पाठ झालं होतं. पंडितराव म्हणून आमचे शेजारी आहेत, एसटीत कंडक्टर होते, जिभेला हाड नाही. ते ओट्यावरून ओरडायचे, "काय गुरुजी, रिटायर झाल्यावर पाणक्याची नोकरी धरली का?" गुरुजी सायकल न थांबवता म्हणायचे, "धरली ना! पगार न्हाई, पण सुट्टीबी न्हाई. तुमची बादली भरून ठेवा, मी डबल बेल मारली की थांबत न्हाई!" पंडितराव हसायचे आणि बादली भरून ठेवायचे. एखाद्या घरी सकाळी कुणी उठलेलंच नसायचं, तर गुरुजी स्वतःच्या घरचं पाणी त्या झाडाला घालायचे आणि संध्याकाळी त्या घरच्या माणसाला गाठून, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं सांगायचे, "तुमचं झाड आज उपाशी व्हतं बरं का."

एक प्रसंग मला टाळता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट असेल. माझी आई तेव्हा केदारखेड्याहून आमच्याकडे येऊन राहिली होती. गुरुजी फाटकावर आले. त्या दिवशी सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, पूजेत होती. आई पाणी घेऊन बाहेर गेली. तिने आमची बादली उंच धरली आणि वरून त्यांच्या बादलीत पाणी सोडलं, बादलीला बादली लागू न देता. गुरुजींनी आपली बादली जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. इतक्या सहज सरकले, की जणू त्यांच्या पायांना ते ठाऊकच होतं. मी खिडकीत दाढी करत होतो. पाहिलं. आईला काही बोललो नाही, गुरुजींनाही नाही. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, मैदानावर एकदा चहा पिता पिता ते आपणहून म्हणाले, "धावड्याला माझी माय विहिरीपाशी तासन् तास उभी राहायची भाऊ. कोणी वरून वतलं तर मिळायचं. आता मी घरोघर पाणी मागून राह्यलो. तिनं पाह्यलं असतं तर म्हणली असती, याला शिकवून काय उपेग झाला!" आणि ते हसले. मीही हसलो... त्यांनी ते माझ्या आईवरून म्हटलं होतं की सहज, हे मला आजही सांगता येणार नाही.

पाचव्या वर्षापर्यंत ती जागा ओळखू येईना. एकेचाळीसपैकी एकेचाळीस झाडं जगली. मी बियाण्याच्या धंद्यात आहे. शंभर टक्के हा आकडा मी कागदावरसुद्धा पाहिलेला नाही. संध्याकाळी पाच वाजल्यापासून बायका तिथे वाती वळत, भाजी निवडत बसायच्या. बारावीच्या मुली खाली सतरंजी टाकून अभ्यास करायच्या, कारण घरात वीज नसायची आणि बाहेर वारा असायचा. कुणाच्या घरी माणूस वारलं, की बाहेरगावहून आलेली मंडळी त्याच सावलीत बसायची. आधी त्यांच्यासाठी मांडव घालावा लागे. पंडितरावांच्या पत्नीला गुडघ्यांमुळे बाजारात जाता येत नसे, तर भाजीवालीने आपली गाडीच रोज त्या चिंचेखाली लावायला सुरुवात केली. मी गोदामातला तापमापक एका रविवारी घरी आणला होता. एप्रिलची दुपार होती. रस्त्यावर आणि कडुनिंबाखाली दहा-दहा मिनिटं ठेवून पाहिला, तर सहा अंशांचा फरक भरला. गुरुजींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "हे तर कुत्र्यालाबी माहीत हाय भाऊ. पाहा कुठं झोपलंय ते."

मग चालण्याच्या ट्रॅकचा प्रस्ताव आला. नगरपालिकेकडून निधी मंजूर झाला होता: मैदानाला कडेने सिमेंटच्या ठोकळ्यांचा ट्रॅक, चार बाक, व्यायामाची दोन-तीन यंत्रं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. रहिवासी समितीचा सचिव मी. प्रस्तावाचा नमुना भरून समितीचं ना-हरकत पत्र जोडायचं काम माझ्याकडे आलं. नमुन्यात एक रकाना होता: 'प्रस्तावित कामामुळे बाधित होणाऱ्या झाडांची संख्या'. मी नकाशा घेतला, टेप घेतला, सुतळी ताणली आणि पांढऱ्या फक्कीने जमिनीवर ट्रॅकची रेघ मारली. नकाशात ट्रॅक सरळ होता, म्हणून रेघही सरळ मारली. रेघेत अकरा झाडं आली. माझा कडुनिंब दीड हाताने बाहेर राहिला. मी तो मुद्दाम बाहेर ठेवला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण तो बाहेर राहिला हे खरं.

ठेकेदाराचा माणूस उभा होता. तो म्हणाला, "साहेब, कशाला घोळ घालता? शून्य टाका. जागेवर आमी वळवून घेऊ, झाडाला धक्का लागत न्हाई." मी म्हटलं, माझ्या सहीखाली खोटा आकडा जाणार नाही. तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनी फक्की पाहिली, झाडं पाहिली.

"शून्यच लिहा भाऊ."

"गुरुजी, नकाशात वळण नाही. उद्या कुणी तपासलं तर?"

"मंग नकाशा वळवून घ्या. खोटं लिहा म्हणतच न्हाई मी."

"नवा नकाशा म्हणजे पुन्हा मंजुरी. मार्च संपतोय, निधी परत जाईल."

"जाऊ द्या की. पायानं चालायला ठोकळे लागतात का?"

मी त्यांना पुढचा रकाना दाखवला. 'बदल्यात लावावयाची झाडे'. तिथे मी बावीस लिहिलं होतं, दुप्पट. म्हटलं, अकरा जातील, बावीस येतील. गुरुजी सायकल घेऊन निघून गेले. मी पहिल्या रकान्यात अकरा लिहिलं, सही केली आणि दुसऱ्या दिवशी कागद नेऊन दिला. खोटं लिहिणं मला जमलं नसतं, आणि त्यात माझी चूक आहे असं मला आजही वाटत नाही. चूक ही, की नकाशा बदलून मागण्याचा खरा रस्ता समोर होता आणि घाईपायी मी तो घेतला नाही. सही झाली की माझं काम झालं, असं मी धरून चाललो.

झाडं तोडली त्या दिवशी मी जालन्याला होतो. संध्याकाळी आलो तर बुंधे पडले होते आणि मैदानातून पलीकडच्या रस्त्यावरची दुकानं दिसत होती. ती इतक्या वर्षांत दिसली नव्हती. गुरुजींचा करंज त्या अकरांत होता. ते तिथेच उभे होते, फुटलेल्या माठांचे तुकडे गोळा करत. मी जवळ गेलो. माफी मागावी असं मनात होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणालो, "गुरुजी, तीस तर राहिली ना. म्हणजे त्र्याहत्तर टक्के."

त्यांनी हातातले तुकडे खाली ठेवले. "भाऊ, त्या अकरा झाडांची अकरा घरं हायेत. ती उद्यापासून पाणी कोणासाठी देतील? तुम्ही झाडं बराबर मोजली. बादल्या न्हाई मोजल्या."

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले असं नाही. रस्त्यात भेटले की "काय भाऊ, ड्यूटी का?" म्हणायचे. पण मैदानावर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. आणि त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. ज्यांची झाडं गेली त्या घरांनी बादल्या भरून ठेवणं सोडलं. त्यांचं काही चुकलं असं कसं म्हणू? त्यांचं पाहून शेजाऱ्यांनी सोडलं. आता नगरपालिकेचं काम आहे, ते पाणी घालतील, असं सगळे म्हणू लागले. बदल्यातली बावीस रोपं प्लास्टिकच्या पिशव्यांत आली, भिंतीशी टेकून ठेवली गेली आणि पिशव्यांतच वाळली. मी दोनदा अर्ज दिला, दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. ठोकळ्यांच्या कडेची झाडं दुसऱ्या उन्हाळ्यात वरून वाळायला लागली. तीसची पंचवीस झाली, पंचवीसची एकोणीस. बाक सिमेंटचे आहेत. संध्याकाळी सात वाजताही त्यांवर बसवत नाही. बायका आता आपापल्या ओट्यावर बसतात. भाजीवाली गाडी लावत नाही. पंडितरावांची पत्नी घराबाहेर दिसली त्याला वर्ष होत आलं असेल.

गुरुजींची माझी शेवटची भेट झाली ती बसस्थानकावर. एप्रिल होता. मी जालन्याहून उतरलो, तर ते कडेच्या झाडाखाली बाकावर बसलेले, हातात पिशवी नाही, काही नाही. मी विचारलं, "कुठं निघाले गुरुजी?"

"कुठंच न्हाई. इथं सावली बरी हाय. गाड्या लागतात, माणसं चढतात-उतरतात, टाइम जातो."

"रोज येता?"

"चार वाजता येतो, सहाला जातो. कंट्रोलरसुद्धा वळखायला लागलाय. कालच म्हणला, बाबा, तुमची गाडी लागली का न्हाई अजून?" ते हसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. घरापासून मैदान साठ पावलांवर आणि हा माणूस सावलीसाठी दीड किलोमीटर उन्हातून चालत येतो... हे मला त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं, की त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "गुरुजी, ते अकरा झाडांचं..." ते म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. उन्हाचं कशाला." आणि त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मला सुटल्यासारखं वाटलं. बोलायचं पुढच्या वेळी, असं ठरवून मी घरी गेलो. पुढची वेळ आली नाही.

त्यांच्या घरी पुण्यानुमोदन आणि जलदानाचा विधी झाला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींखाली गुरुजींचा फोटो होता, शाळेतला, खिशाला पेन लावलेला. वंदना झाली. भांड्यातून भांड्यात पाण्याची बारीक धार सोडताना वैशालीच्या मनगटाला तिच्या नवऱ्याने आधार दिला. लोक पांगल्यावर मी बाहेरच्या खोलीत थांबलो. मैदानाकडची खिडकी बंद होती, कडीला दोरी बांधलेली. एवढ्या गर्दीत, एवढ्या उकाड्यात ती कुणी उघडली नव्हती. वैशाली म्हणाली, "दादा दोन वर्षं झाली बंदच ठेवायचे. तिकडून झळ येते म्हणायचे." मी तिला सगळं सांगितलं. फक्की, रकाना, सही, नकाशा. मी विचारलं, "ते माझ्याबद्दल कधी काही बोलले का?" ती थोडा विचार करून म्हणाली, "न्हाई काका. बिलकुल न्हाई. तुमचं नावच न्हाई निघालं कधी."

ते रागाने काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी वसाहतीने मैदानावर शोकसभा घेतली. पंडितराव बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच खाली बसले. त्यांना तसं मी पहिल्यांदा पाहिलं. मग कुणीतरी सुचवलं, की ट्रॅकला गुरुजींचं नाव द्यावं. टाळ्या वाजल्या. ठराव लिहायला वही माझ्याकडे आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की हा ट्रॅक त्यांच्या झाडांवर आहे, त्यांचा स्वतःचा करंज या प्रवेशाच्या जागी होता, आणि ती अकरा झाडं मी लिहून दिली आहेत. याला त्यांचं नाव देऊ नका. मग मागून आवाज आला, "आता कशाला ते? चांगलं चाललंय." पंडितराव म्हणाले, "भाऊ, तुम्ही बसा." ठराव मंजूर झाला. फलक लागला आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं, नाव बरोबर लिहिलं आहे.

त्यानंतर मी एकोणीस माठ तपासले. पाच तडकले होते. ते बदलले, आमच्या गच्चीवरचे दोन आणि तीन मागून आणलेले. मृग कोरडा चालला होता. सोमवारी सकाळी सात वाजता दोन बादल्या घेतल्या आणि निघालो. आमच्या घरची एक बादली भरलेलीच होती, सुनंदाने काही न बोलता ठेवली होती. दुसरीसाठी मी कोपऱ्यावरच्या घरापाशी गेलो. तिथे नवीन भाडेकरू आले आहेत, नवराबायको, दोघंही मला नावाने ओळखत नाहीत. फाटकापाशी उभं राहिलो आणि हाक मारता येईना. काय म्हणून हाक मारायची? केदारखेड्याला आमची स्वतःची विहीर होती; उभ्या आयुष्यात मी कुणाच्या दारात पाणी मागायला उभा राहिलो नव्हतो. दोनदा कडीला हात लावला आणि काढला. परत फिरणार तेवढ्यात ती बाई स्वतःच बाहेर आली. "कोण पाहिजे काका?" मी झाडांचं सांगितलं, तांदूळ-भाजीचं पाणी असलं तर हवं आहे म्हणालो. बोलताना माझी मान खाली होती. ती म्हणाली, "थांबा हं, देते." आत गेली आणि आधी तांब्या-भांडं घेऊन आली. "ऊन किती झालंय. आधी तुम्ही घ्या काका, मग झाडांचं." थंड पाणी होतं, माठातलं. मी उभ्या उभ्या प्यायलो. मग तिने फाटक उघडून बादली माझ्या हातात दिली.

ती बादली घेऊन मी मैदानावर आलो, पण माठात ओतायचं सोडून बराच वेळ तसाच उभा राहिलो. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर गुरुजी वर्षाला ऐंशी वेळा आमच्या फाटकावर यायचे. सात वर्षांचे पाचशे साठ झाले. सणावाराला घरात येऊन चहा घेऊन गेले असतील, तो हिशेब वेगळा. पण बादली घेऊन उन्हात उभे असताना त्यांना आम्ही कधी प्यायला पाणी विचारलं होतं का? मी वर्षावर्षाने आठवून पाहिलं. एकही वेळ सापडेना. घरी जाऊन सुनंदाला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिने विचार केला, खूप वेळ केला. मग नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा लाटायला लागली.